कॅशबॅकचा हिशेब : जाहिरातीतील पाच टक्क्यांचे हातात दोन कसे होतात?

रास अल खैमाहून सकाळी शेख मोहम्मद बिन झायेद रस्त्याने दुबईकडे निघणाऱ्या मराठी नोकरदाराच्या पाकिटात सहसा दोन-तीन क्रेडिट कार्डे असतात. एक पेट्रोलसाठी, एक किराण्यासाठी, एक विमानाच्या तिकिटांसाठी. प्रत्येक कार्ड घेताना कोणीतरी फोनवर किंवा मॉलमधल्या टेबलामागे उभे राहून त्याला ‘पाच टक्के परत’, ‘दहा टक्के परत’ असे आकडे सांगितलेले असतात. महिनाअखेरीस विवरणपत्र येते, त्यात कॅशबॅकची रक्कम दिसते आणि ती अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी असते. बँकेने फसवले, असे वाटते. बहुतेक वेळा बँकेने फसवलेले नसते. तिने करारात लिहिले तसेच केलेले असते. ते लिहिलेले काय असते, त्यातून आकडा कसा तयार होतो आणि ही सारी व्यवस्था न्याय्य म्हणावी काय, याचा हा धांडोळा.

हा विषय रास अल खैमाला परका नाही. येथील ‘नॅशनल बँक ऑफ रास अल खैमा’, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली राकबँक, १९७६ मध्ये स्थापन झाली. तिच्यात आजही रास अल खैमा सरकारचा निम्म्याहून अधिक हिस्सा आहे. मोठ्या उद्योगांच्या कर्जांपेक्षा किरकोळ ग्राहक आणि लघुउद्योजक यांच्यावर भर देणारी बँक म्हणून तिची ओळख आहे, आणि क्रेडिट कार्ड हा अशा व्यवसायाचा कणा असतो. मात्र पुढे दिलेली उदाहरणे कोणत्याही एका बँकेच्या कार्डाची नाहीत. बाजारात आढळणाऱ्या सर्वसाधारण अटी एकत्र करून ती रचली आहेत.

वटावाचे नवे रूप

व्यापारात ‘वटाव’ हा शब्द जुना आहे. रोख पैसे देणाऱ्याला किंवा घाऊक माल उचलणाऱ्याला दुकानदार काही रक्कम सोडत असे. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आणि रोखीचा वटाव हे एकाच व्यवहारज्ञानाचे दोन भाग होते : उधारीला खर्च असतो, म्हणून रोखीला बक्षीस. कॅशबॅकने हे गणित उलटे केले. येथे उधारीने खरेदी करणाऱ्याला बक्षीस मिळते, आणि ते दुकानदार देत नाही, बँक देते.

या कल्पनेला मोठ्या प्रमाणावर रूढ करण्याचे श्रेय अमेरिकेतील ‘डिस्कव्हर’ कार्डाला दिले जाते. सिअर्स या किरकोळ विक्री कंपनीने १९८६ मध्ये ते देशभर आणले. वार्षिक शुल्क नाही आणि वर्षभराच्या खर्चातील अल्पसा भाग परत, हे त्याचे वैशिष्ट्य होते. पुढे जगभरच्या बँकांनी ते उचलले. आखाती देशांत त्याला विशेष सुपीक जमीन मिळाली. वैयक्तिक प्राप्तिकर नाही, पगार नियमित बँकेत जमा होतो, लोकसंख्येत नोकरदार स्थलांतरितांचा वाटा मोठा आहे आणि एकाच ग्राहकामागे अनेक बँका धावतात.

हा पैसा येतो कोठून?

समजा, तुम्ही सुपरमार्केटमध्ये १०० दिरहमचा किराणा घेतला आणि कार्ड लावले. दुकानदाराच्या खात्यात पूर्ण १०० दिरहम जमा होत नाहीत. समजण्यासाठी असे धरू, की ९८ जमा होतात. उरलेले २ दिरहम तिघांत वाटले जातात. दुकानदाराला कार्डयंत्र पुरवणारी बँक एक वाटा घेते. व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांसारखी कार्डव्यवस्था दुसरा वाटा घेते. सर्वांत मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. या शेवटच्या वाट्याला ‘इंटरचेंज’ म्हणतात आणि कॅशबॅकचा पहिला झरा तोच आहे.

आता साधा प्रश्न उभा राहतो. बँकेला १०० दिरहममागे दीड-पावणेदोन दिरहम मिळत असतील, तर ती पाच दिरहम परत कशी देईल? सरसकट देऊच शकत नाही. म्हणून पाच टक्के हा दर निवडक ठिकाणी, ठरावीक मर्यादेपर्यंत आणि अटींच्या कुंपणातच दिला जातो. तूट भरून काढणारे आणखी तीन झरे असतात : थकबाकीवरील व्याज, विविध शुल्के (वार्षिक, विलंब, परकीय चलन, रोख उचल) आणि फोनवरून गळ्यात मारल्या जाणाऱ्या विम्यासारख्या जोडसेवा. चौथी गोष्ट दिसत नाही, पण बँकेच्या हिशेबात ती धरलेली असते : कमावलेला पण कधीच न मागितलेला कॅशबॅक.

गणनेच्या पायऱ्या

*पहिली पायरी : दुकानाचा वर्ग.* कार्डव्यवस्थेत प्रत्येक दुकानाला चार अंकी वर्ग-संकेतांक दिलेला असतो. सुपरमार्केटला ५४११, पेट्रोलपंपाला ५५४१, उपाहारगृहाला ५८१२, वीज-पाण्याच्या सेवेला ४९००, शाळेला ८२११, पैसे पाठवण्याच्या सेवेला ४८२९. तुम्ही काय घेतले हे बँकेला दिसत नाही. दुकान कोणत्या वर्गात नोंदले आहे एवढेच दिसते. त्यामुळे सुपरमार्केटमध्ये घेतलेली इस्त्री ‘किराणा’ ठरू शकते, आणि घरपोच सेवा देणाऱ्या ॲपवरून मागवलेले तांदूळ-डाळ ‘इतर’ ठरू शकतात. मोठ्या मॉलमधले दुकान सुपरमार्केट म्हणून नोंदले आहे की डिपार्टमेंट स्टोअर (५३११) म्हणून, यावर पाच टक्के की अर्धा टक्का हे ठरते. हा वर्ग तुम्ही ठरवत नाही, तुमची बँकही ठरवत नाही; दुकानदाराची बँक तो ठरवते.

*दुसरी पायरी : वगळलेले व्यवहार.* सरकारी शुल्क, वीज-पाणी, दूरध्वनी, शाळेची फी, घरभाडे, टोलचे रिचार्ज, एक्स्चेंज हाऊसमार्फत पाठवलेले पैसे, रोख उचल, हप्त्यांत बदललेली खरेदी यांपैकी बऱ्याच गोष्टींवर अत्यल्प किंवा शून्य कॅशबॅक असतो. यामागे कारण आहे. अशा अनेक वर्गांत बँकेला मिळणारे इंटरचेंजच कमी असते. पण स्थलांतरित कुटुंबाचा सर्वांत मोठा खर्च नेमका याच वर्गांत असतो, हेही तितकेच खरे.

*तिसरी पायरी : नोंदीची तारीख.* खरेदी ज्या दिवशी केली ती तारीख धरली जात नाही. व्यवहार खात्यावर पक्का नोंदला गेला ती तारीख धरली जाते. विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी रात्री केलेली खरेदी बहुधा पुढच्या महिन्यात जाते.

*चौथी पायरी : किमान खर्चाची अट.* महिन्याला अमुक इतका खर्च झाला तरच कॅशबॅक, नाहीतर शून्य. काही कार्डांवर वगळलेले व्यवहार या किमान खर्चातही मोजले जात नाहीत.

*पाचवी पायरी : कमाल मर्यादा.* प्रत्येक वर्गाला स्वतंत्र मर्यादा, वर एकूण मर्यादा. पत्नीच्या किंवा पतीच्या नावाचे पुरवणी कार्ड असेल, तर सहसा दोन्ही कार्डांना मिळून एकच मर्यादा असते.

*सहावी पायरी : टप्पे.* ‘५,००० पर्यंत १ टक्का, त्यावर २ टक्के’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. ८,००० दिरहम खर्च केल्यास सगळ्या रकमेला वरचा दर लावला तर १६० दिरहम मिळतात. प्राप्तिकराच्या टप्प्यांप्रमाणे मोजले, तर पहिल्या ५,००० वर ५० आणि उरलेल्या ३,००० वर ६०, म्हणजे ११० मिळतात. करारात यांपैकी कोणती पद्धत आहे, हे एका शब्दावर ठरते.

*सातवी पायरी : पूर्णांक.* काही ठिकाणी प्रत्येक व्यवहाराचा कॅशबॅक वेगळा मोजून दिरहमचा अपूर्णांक सोडून दिला जातो. बकाल्यातून १९ दिरहमची खरेदी महिन्यात तीस वेळा केली, तर एकूण खर्च ५७० आणि पाच टक्के म्हणजे २८ दिरहम ५० फिल्स. पण प्रत्येक वेळचे ९५ फिल्स सोडून दिले, तर हाती येते शून्य.

*आठवी पायरी : वजावट.* वस्तू परत केली, तर तिच्यावर मिळालेला कॅशबॅकही परत जातो. हे रास्तच आहे. मात्र परताव्यामुळे महिन्याचा एकूण खर्च किमान अटीखाली घसरला, तर काही करारांत उरलेल्या खरेदीवरचा कॅशबॅकही धोक्यात येतो.

काही कार्डे थेट पैसे न देता गुण देतात. तेथे एकच प्रश्न विचारावा : किती गुणांना एक दिरहम? दिरहममागे एक गुण आणि शंभर गुणांना एक दिरहम असेल, तर ते एक टक्काच झाले. गुणांचा आकडा कितीही भरगच्च दिसो.

एका घराचा हिशेब

रास अल खैमात राहणारे चौकोनी मराठी कुटुंब घेऊ. कार्डाच्या अटी अशा : किराणा, पेट्रोल आणि उपाहारगृह यांवर ५ टक्के, किराण्याला महिना १०० दिरहमची मर्यादा, इतर दोन वर्गांना प्रत्येकी ५० ची, वीज-पाणी, दूरध्वनी आणि शाळा यांवर पाव टक्का, बाकी सर्वांवर अर्धा टक्का, किमान मासिक खर्च ३,००० दिरहम, वार्षिक शुल्क ३०० दिरहम, आणि त्यावर १ जानेवारी २०१८ पासून लागू असलेला ५ टक्के मूल्यवर्धित कर, म्हणजे ३१५.

महिन्याचा खर्च आणि कॅशबॅक असा :

– सुपरमार्केट : २,४०० दिरहम. पाच टक्क्यांनी १२० होतात, पण मर्यादेमुळे १००.
– ॲपवरून मागवलेला किराणा : ४००. ‘इतर’ वर्गात गेला म्हणून २.
– पेट्रोल : ९००. कॅशबॅक ४५.
– उपाहारगृह : ८००. कॅशबॅक ४०.
– वीज-पाणी आणि दूरध्वनी : १,१००. कॅशबॅक २.७५.
– शाळेचा हप्ता : १,८००. कॅशबॅक ४.५०.
– कपडे, औषधे, इतर : १,५००. कॅशबॅक ७.५०.

एकूण खर्च ८,९०० दिरहम, एकूण कॅशबॅक २०१.७५ दिरहम. म्हणजे सुमारे २.२७ टक्के. वर्षाचे झाले २,४२१. वार्षिक शुल्क वजा जाता २,१०६. वर्षाच्या १,०६,८०० दिरहम खर्चावर हा दर १.९७ टक्के पडतो. पाचाचे दोन असे होतात. यात कोणतीही लबाडी झालेली नाही. प्रत्येक अट अर्जासोबत दिलेल्या कागदात होती.

दोन हजार दिरहम ही क्षुल्लक रक्कम नाही. सुट्टीत गावी जाताना तिचा उपयोग होतो. पण ती टिकवायची तर दोन गळत्या बंद ठेवाव्या लागतात.

पहिली गळती थकबाकीची. येथील कार्डांवर मासिक व्याज साधारण ३ टक्के आणि त्याहून वर असते. ते सव्वातीन टक्के धरू. या कुटुंबाने एखाद्या महिन्यात पूर्ण ८,९०० न भरता ५ टक्क्यांची किमान रक्कम, म्हणजे ४४५ भरली, तर उरलेल्या ८,४५५ वर एका महिन्याचे व्याज सुमारे २७५ दिरहम होते. त्या महिन्याचा कॅशबॅक २०१ आहे. शिवाय पूर्ण रक्कम न भरल्यामुळे बिनव्याजी मुदतीचा लाभ जातो आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजले जाऊ लागते, म्हणजे प्रत्यक्ष भार याहून अधिक. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच.

दुसरी गळती परकीय चलनाची. सुट्टीत पुण्या-मुंबईत याच कार्डावर १०,००० दिरहमएवढी खरेदी रुपयांत केली आणि बँकेचे परकीय चलन शुल्क ३ टक्के असले, तर ३०० दिरहम जातात आणि अर्ध्या टक्क्याने ५० परत येतात. निव्वळ तोटा २५०. वर्षाची बचत २,१०६ वरून १,८५६ वर येते आणि वाढलेल्या १,१६,८०० दिरहम खर्चावरचा दर १.५९ टक्के होतो. दुकानातले यंत्र ‘दिरहममध्ये आकारू का’ असे विचारते, तेव्हा ‘हो’ म्हणणे सोयीचे वाटते. पण मग चलनबदलाचा दर दुकानदाराची बाजू ठरवते, आणि परदेशात झालेल्या दिरहम-व्यवहारावरही अनेक बँका वेगळे शुल्क लावतात. देशाबाहेर नोंदलेल्या संकेतस्थळांनी दिरहममध्ये किंमत दाखवली, तरी हाच प्रकार घडू शकतो.

हे शुल्क नेमके किती, हे तपासण्याची सोपी युक्ती आहे. १९९७ पासून दिरहमचा दर डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला आहे. १०० डॉलरच्या खरेदीला ३६७.२५ दिरहम लागायला हवेत. विवरणपत्रात ३७८ दिसले, तर जास्तीचे १०.७५ दिरहम म्हणजे सुमारे २.९ टक्के ही चलनबदलाची किंमत आहे. त्यासमोर कॅशबॅकचा अर्धा टक्का ठेवून पाहावा.

न्याय्य आहे का? तीन वेगवेगळे प्रश्न

न्यायाचा विचार करताना तीन नाती वेगळी काढावी लागतात : ग्राहक आणि बँक, ग्राहक आणि ग्राहक, कार्डवाला आणि रोखवाला.

ग्राहक आणि बँक यांच्या नात्यात खटकते ती किमान खर्चाची अट. वरच्याच कार्डावर एकटा राहणारा तरुण अभियंता महिन्याला २,९०० दिरहम खर्च करतो असे समजा : किराणा ९००, पेट्रोल ५००, उपाहारगृह ९००, इतर ६००. अट नसती, तर त्याला ४५, २५, ४५ आणि ३ मिळून ११८ दिरहम मिळाले असते. अटीमुळे शून्य. त्याने आणखी १०० दिरहमची काहीतरी खरेदी केली, तर ११८.५० मिळतात. शंभराच्या खरेदीवर शंभराहून अधिक परतावा, हे हिशेबाला धरून आहे. पण गरज नसलेली वस्तू घ्यायला लावणारेही आहे. अटी जितक्या गुंतागुंतीच्या, तितका सामान्य ग्राहक आपला खरा दर मोजू शकत नाही, आणि मोजता न आल्याने दोन कार्डांची तुलनाही करू शकत नाही. जाहिरातीत ठळक आकडा आणि तळटीपेत त्याच्या मर्यादा, ही मांडणी कायद्याने चालत असली तरी सचोटीच्या कसोटीवर उणी पडते.

दुसरे नाते ग्राहकाचे ग्राहकाशी. दरमहा पूर्ण बिल भरणाऱ्याला कॅशबॅक मिळतो; तो खर्च अंशतः थकबाकीवाल्याच्या व्याजातून निघतो. सुमित अगरवाल, आंद्रेआ प्रेसबितेरो, आंद्रे सिल्व्हा आणि कार्लो विक्स या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतील कार्डांच्या विदेचा अभ्यास करून असा अंदाज मांडला, की बक्षिसांच्या कार्डांमुळे तेथे दरवर्षी सुमारे १,५०० कोटी डॉलर कमी शिकलेल्यांकडून अधिक शिकलेल्यांकडे आणि गरीब वस्त्यांकडून श्रीमंत वस्त्यांकडे वाहतात. त्यातला बारकावा महत्त्वाचा आहे. केवळ उत्पन्नाने हे ठरत नाही. पतगुणांक चांगला असलेला, हिशेबी माणूस जिंकतो आणि आर्थिक व्यवहारात कच्चा असलेला हरतो. कमी उत्पन्नाचा पण काटेकोर ग्राहक लाभात राहतो, आणि मोठ्या पगाराचा बेहिशेबी ग्राहक तोट्यात.

तिसरे नाते सर्वांत दुर्लक्षित. कार्डाचा खर्च दुकानदार वेगळा लावत नाही, तो मालाच्या किमतीत मिसळतो. मग रोख देणाराही तीच किंमत देतो, पण त्याला परत काही मिळत नाही. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतून स्कॉट शू, ओझ शाय आणि जोआना स्टॅव्हिन्स यांनी २०१० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार अमेरिकेत रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्या कुटुंबांना देते, आणि कार्डवाल्या कुटुंबाला १,१३३ डॉलर मिळतात. या आकड्यांवर मतभेद आहेत, पण दिशेवर फारसे नाहीत.

रास अल खैमात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. राक सिरॅमिक्स (१९८९) आणि जुल्फार औषध कंपनी (१९८०) येथे उभ्या आहेत. खाणी, सिमेंट, बांधकाम आणि हॉटेले यांवर हजारो कामगारांची उपजीविका चालते. २००९ मध्ये सुरू झालेल्या वेतन संरक्षण प्रणालीमुळे त्यांचे पगार अधिकृत मार्गाने मिळू लागले. पण कमी वेतनाच्या कामगाराला पगाराचे कार्ड मिळते, क्रेडिट कार्ड नाही. बँका सामान्यतः दरमहा किमान ५,००० दिरहम पगाराची अट घालत आल्या आहेत. एकाच सुपरमार्केटच्या एकाच रांगेत अभियंता कार्ड लावतो आणि त्याच्यामागचा कामगार एटीएममधून काढलेली नोट देतो. दोघांच्या पिशवीत तीच डाळ, पावतीवर तीच किंमत. अभियंत्याला शंभरामागे पाच परत मिळतात, कामगाराला काही नाही. त्या पाचांतला काही अंश कामगाराने दिलेल्या किमतीतूनही आलेला असतो.

दुसरी बाजूही मांडायला हवी. रोखीलाही खर्च असतो : नोटा मोजणे, सांभाळणे, बँकेत पोचवणे, चोरीची भीती. कार्डामुळे दुकानदाराची विक्री वाढते, पैसे बुडत नाहीत. म्हणून कार्डाचा सगळा खर्च रोखवाल्यावर पडतो असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल. तरीही दुकानदाराला पडणाऱ्या खर्चातला फरक आणि ग्राहकाला मिळणारे बक्षीस यांचा मेळ बसत नाही, हे राहतेच.

इतर देशांनी काय केले?

ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने २००३ पासून इंटरचेंजवर मर्यादा आणली आणि दुकानदारांना कार्डावर वेगळा आकार लावण्याची मुभा दिली. युरोपीय संघाने डिसेंबर २०१५ पासून वैयक्तिक डेबिट कार्डांसाठी ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डांसाठी ०.३ टक्के अशी कमाल मर्यादा घातली. परिणाम अपेक्षित होता : तेथील अनेक कार्डांची बक्षिसे आटली किंवा बंद पडली. झरा आटला की पाट कोरडा पडतो, हे त्यातून सिद्ध झाले. किमती तेवढ्याच प्रमाणात उतरल्या का, यावर मात्र अर्थतज्ज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही.

भारताने वेगळी वाट धरली. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डांवर दुकानदाराकडून शुल्क घेणे बंद झाले. चहावाल्यालाही डिजिटल पैसे परवडू लागले. व्यवस्थेचा खर्च बँका आणि सरकारी तिजोरी यांच्याकडे सरकला. त्याच अनुभवाचा धागा आता अमिरातीत पोचला आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या तंत्रज्ञानावर ‘जयवान’ ही अमिरातीची देशी कार्डव्यवस्था आधारलेली आहे, आणि २०२३ मध्ये ‘आनी’ ही तत्काळ पैसे पाठवण्याची सेवा येथे सुरू झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूपीआय आणि आनी, तसेच रुपे आणि जयवान यांची जोडणी करण्याचे दोन्ही देशांत ठरले. असे स्वस्त मार्ग रुळले, तर दुकानदाराचा खर्च घटेल आणि त्याबरोबर उदार कॅशबॅकचा आधारही कमकुवत होईल. वाचकाने ही शक्यता मनात ठेवलेली बरी.

ग्राहकाच्या हाती काय आहे?

अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेने २०२० मध्ये ग्राहक संरक्षण नियमावली आणि त्यापाठोपाठ तिची सविस्तर मानके लागू केली. त्यानुसार बँकेने मुख्य तथ्यांचे निवेदन सोप्या भाषेत देणे बंधनकारक आहे, आणि अटी किंवा शुल्क बदलायचे असल्यास साठ दिवस आधी कळवणे आवश्यक आहे. कॅशबॅकचा दर घटवणारा ईमेल आपण बहुधा न वाचता पुसून टाकतो. त्या साठ दिवसांतच कार्ड ठेवायचे की सोडायचे हे ठरवायचे असते. तक्रार असल्यास ती आधी बँकेकडे लेखी करावी. तेथे समाधान झाले नाही, तर २०२३ मध्ये स्थापन झालेल्या ‘सनदक’ या स्वतंत्र लोकपाल संस्थेकडे जाता येते.

घरच्या घरी करण्याजोगी कामे अशी :

– गेल्या तीन महिन्यांची विवरणपत्रे घ्या. मिळालेला कॅशबॅक भागिले एकूण खर्च, एवढा एकच भागाकार करा. वार्षिक शुल्काचा चौथा हिस्सा आणि चलनशुल्क आधी वजा करा. हा तुमचा खरा दर.
– खरा दर दोन टक्क्यांच्या आसपास असेल, तर कार्ड तुमच्या खर्चाला जुळते. एकाच्या खाली असेल, तर बिनशुल्क आणि सरसकट दराचे साधे कार्ड बरे.
– मर्यादा गाठली की उरलेला किराणा दुसऱ्या कार्डावर न्या. पण दोनांपेक्षा जास्त कार्डे बाळगू नका. चुकलेला एक हप्ता साऱ्या चातुर्यावर पाणी फिरवतो आणि अल एतिहाद क्रेडिट ब्युरोच्या पतगुणांकावरही उमटतो.
– पूर्ण रक्कम आपोआप भरली जाईल अशी सूचना बँकेला द्या. किमान रकमेची सूचना दिलेली नाही, याची खात्री करा.
– कोणता दुकानदार कोणत्या वर्गात येतो, हे मोठी खरेदी करण्याआधी छोट्या खरेदीने तपासा.
– देश सोडताना किंवा कार्ड बंद करताना साठलेला कॅशबॅक आधी काढून घ्या. खाते बंद झाल्यावर तो बहुधा बुडतो. देणे शिल्लक नसल्याचे पत्र घेतल्याशिवाय विमानात बसू नका.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने शाळेची वर्षाची फी नव्या कार्डावर भरली. ‘सर्व खरेदीवर’ हे विक्रेत्याचे शब्द कानात होते. महिनाअखेरीस त्या फीवर जमा झालेली रक्कम पाहून बँकेला फोन केला, तेव्हा पलीकडच्या मुलीने शांतपणे कराराचे पान आणि परिच्छेद सांगितला. तिचे बरोबर होते. त्या दिवसापासून एक सवय लागली : विक्रेता टक्के सांगू लागला, की आपण तीन गोष्टी विचारायच्या. कशावर, किती रकमेपर्यंत, आणि किती खर्च झाल्यावर?

कॅशबॅक हे दान नाही, फसवणूकही नाही. आपणच दिलेल्या किमतीतला, आणि थोडा आपल्यामागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाने दिलेल्या किमतीतला, तो एक अंश आहे. तो घेण्यात गैर काही नाही. पण घेताना आपला खरा दर माहीत असावा, थकबाकी शून्य असावी, आणि कार्डशुल्कावर मर्यादा घालण्याची चर्चा उद्या येथे सुरू झाली, तर ‘माझे पाच टक्के गेले’ एवढ्यावर न थांबता त्या रांगेतल्या दुसऱ्या माणसाचा हिशेबही आपण मांडावा.